सोडियम एकशे अकरा

सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन खुशीनं देऊन टाकतो आणि क्लोरीन तो खुशीनं घेतो, असं मी बावीस वर्षं अकरावीच्या वर्गात सांगत आले. फळ्यावर दोन अणू काढायचे. सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एक टिंब, क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात. मग खडूनं एक बाण, इकडून तिकडे. सोडियमची बाहेरची कक्षा रिकामी झाली की खाली आठाची भरलेली कक्षा उरते, आणि क्लोरीनच्या साताचे आठ होतात. एक झाला धन आयन, दुसरा ऋण आयन, दोघं एकमेकांकडे ओढले गेले, झालं मीठ. पाच मिनिटांत उरकतं. पोरांना गोष्ट आवडते आणि मला ती सांगायला डोकं लागत नाही.

गेल्या फेब्रुवारीत उजळणीच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिचं म्हणणं असं की सोडियम खुशीनं देतो तर तो इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा का द्यावी लागते, आधीच्याच धड्यात तसा तक्ता आहे. तिचं बरोबर होतं. तो पुढचा भाग आहे, परीक्षेला एवढंच पुरे, असं मी तिला सांगितलं. ही माझी ठरलेली पळवाट. मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि ते मला दिसत होतं. माझ्या पर्समध्ये फोन तीनदा थरथरला. मी तास पुरा केला आणि मग फोन पाहिला.

फोन शेजारच्या काकूंचे होते. मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत मी आणि आई अशा दोघीच राहतो, आणि मी कॉलेजात असताना काकूंचं आईकडे लक्ष असतं. आई मोरीच्या दाराशी पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण ती काकूंना वैनी म्हणत होती आणि गावच्या विहिरीवर कोण कोण आलंय ते विचारत होती. काकूंनी रिक्षा बोलावून तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मी प्राचार्यांना सांगून निघाले. वाटेत मी घाबरायला हवं होतं. मी मात्र उद्याचा तास कुणाला देता येईल याचा विचार करत होते.

रक्ताचा रिपोर्ट दोन तासांत आला. सोडियम एकशे अकरा. ते एकशे पस्तीसच्या वर असायला हवं, असं डॉक्टर म्हणाल्या. तरुण बाई होती, माझी एखादी जुनी विद्यार्थिनी शोभली असती. रक्तातलं सोडियम इतकं उतरलं की मेंदूच्या पेशी पाणी ओढून घेतात, सुजतात, म्हणून ही बडबड. आणि ते भरभर वाढवताही येत नाही, मेंदूला त्यानंही इजा होते. थेंब थेंब चढवायचं, दर काही तासांनी तपासायचं. त्यांनी विचारलं की आजी जेवणात मीठ किती खातात.

"जवळजवळ नाहीच," मी अभिमानानं सांगितलं.

आईला ब्लडप्रेशर. त्यासाठी तिला लघवी जास्त होणारी गोळी चालू होती आणि मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी घरात लोणचं बंद केलं, पापड बंद केला, मालवणहून येणारं सुकट काकूंना देऊन टाकलं. पहिले काही महिने आईनं खूप कटकट केली. मग दिवाळीनंतर अचानक ती स्वतःची पेज वेगळ्या पातेल्यात करून घ्यायला लागली, मिठाचा कण नाही, आणि तक्रारीचा शब्द नाही. मला वाटलं, चला, म्हातारीला समज आली. मी स्टाफरूममध्ये तिचं कौतुकही केलं होतं. रोज मिठावर तास घेणाऱ्या बाईच्या घरात तीन महिने एक माणूस मिठाशिवाय जगत होतं आणि त्या बाईला त्याचं बरं वाटत होतं. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहून घेतलं आणि त्याच्यावर काट मारली.

काकू माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अगं, सोडियम म्हणजे तेच ना, पाण्यात टाकलं की भडका उडतो ते? आमच्या शाळेत दाखवलं होतं. ते अंगात कसं असेल?" मी त्यांना समजावलं की भडकतो तो धातू, ज्याचा इलेक्ट्रॉन अजून त्याच्याकडे आहे. रक्तात असतो तो सोडियमचा आयन, इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन बसलेला, त्यामुळे शांत. काकूंनी मान डोलावली. आई आत काचेपलीकडे पडली होती आणि मी बाहेर बसून तास घेत होते. माझा आवाजही तासाचाच होता. आपल्याला काहीच होत नाहीये याची मला थोडी भीती वाटली, पण तीसुद्धा लांबूनच.

माझ्या भावाला काकूंनीच कळवलं. तो धाकटा, बोरिवलीला राहतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. गणवेशातच आला, खिशाला टेस्टर लावलेला. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला. आम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो, त्यामुळे डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची, एकदा मला आणि एकदा त्याला. दुसऱ्या दिवशी त्या वैतागून म्हणाल्या की तुम्ही एकाच घरचे आहात ना, मग एकत्र उभे राहा की. आम्ही एकत्र उभे राहिलो आणि दोघंही त्यांच्याकडेच बघत राहिलो.

त्याचं कारण सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. बाबा गेले तेव्हा मी कुर्ल्याच्या एका कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. परीक्षकांचे फोन ऑफिसात जमा करून घेतात. बाबा चार दिवस हॉस्पिटलात होते, त्या सकाळी अकराला गेले, आणि ताईचा फोन बंद आहे असं सगळ्यांना सांगून भावानं अडीच वाजता त्यांना अग्नी दिला. मी चारला फोन हातात घेतला. मी पोचले तेव्हा घरात दिवा लावलेला होता आणि आई भिंतीला टेकून बसली होती. तेराव्याला सगळ्यांसमोर मी भावाला म्हटलं की तुला माझ्यासाठी दोन तास थांबता आलं नाही. तो काही बोलला नाही. त्यानंतर मीही बोलले नाही. सहा भाऊबीजा गेल्या. तो मोठा भाऊ असता तर कदाचित इतकं ताणलं नसतं, पण धाकट्यानं आधी यावं असं मी धरून बसले.

आयसीयूच्या बाहेर मी तीन दिवस उत्तरपत्रिका तपासल्या. चाळीस पोरांनी चाळीस वेळा लिहिलं होतं की सोडियम स्थिर होण्यासाठी इलेक्ट्रॉन देतो. मी चाळीस वेळा बरोबरची खूण केली. मग मला त्या मुलीचा प्रश्न आठवला आणि मी एका पुरवणीच्या पाठीमागे आकडे मांडले. आकडे मला तोंडपाठ आहेत. सोडियमचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला जेवढी ऊर्जा घालावी लागते, तेवढी तो क्लोरीनला मिळाल्यावर परत येत नाही. बरीच कमी येते. म्हणजे एक सोडियम आणि एक क्लोरीन लांब लांब उभे असतील तर हा इलेक्ट्रॉन आपण होऊन जाणारच नाही. तो जातो, कारण गेल्यानंतर ते दोघं एकमेकांच्या जवळ येतात, आणि नुसते दोघंच नाही. स्फटिकात एकेका सोडियमभोवती सहा क्लोरीन, एकेका क्लोरीनभोवती सहा सोडियम, असे सगळ्या बाजूंनी गच्च बसतात. त्या बसण्यातून जी ऊर्जा सुटते ती सगळी तूट भरून काढते. देणं कुणालाच सोपं नसतं. मी बावीस वर्षं पोरांना खुशी शिकवत होते.

यातून कुणी घरादाराविषयी शहाणपण काढू नये. अणूंना आईबाप नसतात आणि त्यांना तेराव्याला जावं लागत नाही. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.

चौथ्या दिवशी आई शुद्धीवर आली. सोडियम एकशे सव्वीसवर गेलं होतं. तिनं मला ओळखलं, काकूंना ओळखलं, दारात उभ्या असलेल्या भावाला ओळखलं. तिला जनरल वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. सलाईन काढलं. आता बाकीचं तोंडानं, डॉक्टर म्हणाल्या, जेवणात व्यवस्थित मीठ आणि पाणी मोजून, बास. मला वाटलं, सुटलो.

दुपारी हॉस्पिटलची खिचडी आली. आईनं जिभेच्या टोकावर एक शीत ठेवलं आणि थुंकून टाकलं. संध्याकाळची डाळ तशीच. मिठाच्या कॅप्सूल दिल्या तर त्या तिनं गालात धरून ठेवल्या आणि नर्स वळल्यावर उशीखाली घातल्या. तिच्या हट्टापायी काकूंनी घरून बिनमिठाची पेज आणली ती मात्र वाटीभर प्याली. दुसऱ्या दिवशी सोडियम एकशे तेवीस, तिसऱ्या दिवशी एकशे वीस. डॉक्टर मला आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे असंच उतरत राहिलं तर पुन्हा आयसीयू. या वयात दुसऱ्यांदा असं झालं तर फिट्स येऊ शकतात, आणि मग आजी आहेत तशा परत मिळतील असं मी सांगू शकत नाही.

मी आईवर ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी तिला आयन सांगितले, पेशी सांगितल्या, मरायचंय का विचारलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं सांगितलं. भाऊबीजेला भाऊ सहाव्यांदा आला नाही, त्या दिवशी तिनं गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. मुंबईच्या खिडकीत उभं राहून गावच्या देवाला. आमच्याकडे बायका असं करतात, एखादी गोष्ट सोडतात आणि ती होईपर्यंत तोंडाला लावत नाहीत. कुणी भात सोडतं, कुणी चहा. आईनं मीठ सोडलं होतं.

"तुमी दोघां बोलूक लागल्याशिवाय मी मीठ खावचंय नाय," ती म्हणाली.

म्हणजे ब्लडप्रेशरचं पथ्य वगैरे काही नव्हतंच. माझ्या पथ्यामुळे तिला फक्त आडोसा मिळाला होता. मिठाशिवायचं वेगळं पातेलं बघून मी खूश होत होते, त्यामुळे तिला काही लपवावंच लागलं नाही. गोळीनं मीठ बाहेर टाकलं, मी बाहेरचं बंद केलं, उरलेलं तिनं देवाला दिलं. तिघांनी मिळून तिला एकशे अकरावर आणलं.

मी बाहेर जाऊन भावासमोर उभी राहिले. तो पॅसेजमध्ये चहा पीत होता. मी त्याच्याशी न बोलता काकूंना सांगितलं, काकूंनी त्याला सांगितलं. त्यानं चहा ठेवला आणि आत आला. खाटेच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी. भेटायची वेळ होती, वॉर्डात माणसं होती, कुणीतरी केळी सोलत होतं.

मी विचारलं, "कसा आहेस?"

तो म्हणाला, "बरा आहे. तू?"

मी म्हटलं मीही बरी आहे. त्यानं विचारलं कॉलेज कसं चाललंय. मी विचारलं मुलगी कितवीला गेली. सातवीला. आमचं चाललं होतं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही पटलं नसतं. आई आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं मान खिडकीकडे वळवली.

"ह्यां बोलणां न्हय," ती म्हणाली.

भावानं हताशपणे माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ माझ्याकडे बघत होता. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. आता मी काय सांगितलं की तिला ते बोलणं वाटेल, हे मला माहीत होतं. मला ते सहा वर्षं माहीत होतं. ते कुणालाच माहीत नाही अशा भरवशावर मी जगत होते, आणि ते सांगायचं म्हणजे माझ्या बाजूचं जे काही होतं ते सगळं जाणार होतं. भीती वाटली, आणि या वेळी ती लांबून वाटली नाही.

"त्या दिवशी निरोप मला मिळाला होता," मी म्हटलं.

मग मी पुढे बोलत गेले. फोन जमा होता हे खरं. पण साडेअकराला तिथला शिपाई लॅबमध्ये आला होता आणि घरून अर्जंट फोन आहे म्हणाला होता. बाबा हॉस्पिटलात असताना घरून अर्जंट फोन कशासाठी येतो हे मला कळत होतं. पोरं बर्नरसमोर उभी राहून पूड जाळत होती, ज्योतीचा रंग बघून आयन ओळखत होती, पिवळा आला की सोडियम. मी शिपायाला सांगितलं, बॅच संपल्यावर करते. बॅच संपली. मग मी दुसरी बॅच घेतली. जोपर्यंत मी फोन उचलत नव्हते तोपर्यंत ते झालेलं नव्हतं. चारला बॅच उरली नाही म्हणून मी फोन घेतला. आणि मग सगळ्यांसमोर तुला बोलले.

हे सांगताना मी भावाकडे बघितलं नाही. आईच्या चादरीवर हॉस्पिटलचा शिक्का होता, त्याच्याकडे बघत होते.

"माहितीये मला," भाऊ म्हणाला.

मी वर बघितलं.

"कॉलेजच्या ऑफिसात फोन मीच केला होता ना. क्लार्क बोलला, मॅडमना सांगितलंय, बॅच झाल्यावर करतील. मी एकला परत केला. तेव्हाही तेच बोलला. अडीचपर्यंत थांबलो गं मी. मग मामा वगैरे सगळे बोलायला लागले, किती वेळ ठेवणार."

"मग तू सगळ्यांना फोन बंद होता असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? बाप गेला आणि ताई परीक्षा घेत बसलीय, हे सांगू? सगळे बसले होते तिकडे." त्यानं खिशातला टेस्टर काढला आणि परत लावला. "तेराव्याला तू माझ्यावरच आलीस. तेव्हा बोलणार होतो. मग मनात बोललो, राहू दे."

म्हणजे सहा वर्षं बाप गेल्यावर बहिणीसाठी न थांबलेला मुलगा म्हणून तो सगळ्या लग्नाकार्यांत फिरला होता, आणि एका वाक्यात ते पुसता आलं असतं. ते वाक्य त्याच्याकडे होतं. मी सहा वर्षं त्याला क्षमा करायची की नाही याचा विचार करत होते. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मला त्याचा हात धरायचा होता, पण मधे खाट होती आणि खाटेवर आई.

आई आमच्या दोघांकडे बघत नव्हती. ती वर पंख्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर जात होतं. मग तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "पेज हाड."

आणायला कुठे जावं लागलं नाही, काकूंनी घरून आणलेली पेज डब्यात कोमट होती. मी वाटीत ओतली. हॉस्पिटलच्या ताटाबरोबर येणाऱ्या मिठाच्या पुड्या दोन दिवस तशाच साठल्या होत्या. मी विचारलं, "घालू?" तिनं मान हलवली. मी एक फोडली, मग दुसरी, मग आणखी. किती फोडल्या याचं मला भान नव्हतं. ढवळून पहिला चमचा मी तिच्या ओठांना लावला आणि तिनं तो गिळला.

"खारट केलंस गो," ती म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

तो दुसरा चमचा मला भरता आला नाही. बाबांच्या वेळी मी रडले नव्हते, ना त्या दिवशी, ना तेराव्याला, ना नंतर. मला वाटायचं, रागामुळे. बाबा गेले हे मला त्या वॉर्डात, संध्याकाळी पाच वाजता, भेटायला आलेल्या अनोळखी माणसांच्या मधे उभं राहून कळलं. भाऊ खाटेला वळसा घालून माझ्या बाजूला आला. त्यानं माझ्या हातातून वाटी आणि चमचा घेतला आणि आईला भरवायला लागला. मी त्याच्या दंडाला धरून बाबांसाठी रडत राहिले, आणि आईनं सगळी पेज संपवली.